दोन चांदण्यांचा अंक

ज्या खोलीत नवरा, दोन मुले आणि एक सून यांच्यापैकी कुणीही बाईंपुढे कधी वरचढ ठरले नव्हते, त्या खोलीत शनिवारी दुपारी एक लांबट पांढरी चौकट बाईंना मुळीच दाद देत नव्हती. चौकटीच्या टोकाला 'शोधा' असे लिहिले होते. बाईंनी तिसऱ्यांदा शब्द लिहिले, तिसऱ्यांदा बटण दाबले, आणि तिसऱ्यांदा उत्तर आले की एकही नोंद सापडली नाही.

"ह्याला वाचता येत नाही," बाई म्हणाल्या.

"आई, असं तुम्ही सगळ्यांनाच म्हणता," पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसलेली सून म्हणाली.

सून सहज बोलली की मुद्दाम, हे बाईंना कळले नाही. एकोणपन्नास वर्षांपूर्वी असेच एक वाक्य त्यांनी आपल्या नणंदेला ऐकवले होते, आणि ते अजून घरात खरकट्या भांड्यासारखे पडून होते.

बाई चौतीस वर्षे एका दैनिकाच्या संदर्भ विभागात होत्या. शेवटची वीस वर्षे त्या विभागाच्या प्रमुख. कचेरीत त्यांना 'मोठ्या बाई' म्हणत. तिथे जुन्या अंकांच्या बांधीव फाइली असत, कात्रणांची पाकिटे असत, आणि एका भिंतीला उथळ खणांचे कपाट असे. त्या खणांत छायाचित्रांचे जस्ताचे ठसे, म्हणजे ब्लॉक, पाकिटांत घालून ठेवलेले. मंत्र्यापासून मल्लापर्यंत ज्याचा फोटो एकदा छापला जाई त्याचा ब्लॉक त्या कपाटात जाई, आणि पुन्हा लागला की तिथूनच निघे. कोणता माणूस कोणत्या खणात आहे हे बाईंना तोंडपाठ होते. 'मोठ्या बाईंच्या कपाटात गेला तो अमर झाला,' असे छापखान्यातले जुळारी म्हणत. एकदा मात्र त्या कपाटातून एक जिवंत माणूस मेलेला निघाला.

तो नणंदेचा ठरलेला नवरा होता. पोहण्याच्या शर्यती जिंकणारा, रुंद खांद्यांचा, हसला की डावा डोळा बारीक होणारा. लग्नाला पाच आठवडे उरले होते. बाई तेव्हा एकोणतिशीच्या, नणंद चोविशीची, आणि दोघींचे इतके गूळपीठ होते की सासूबाई म्हणत, "मला सून आली की मुलीला मैत्रीण, काही कळत नाही." नणंद दुपारी वहिनीचा डबा घेऊन कचेरीत यायची. डबा हे निमित्त. खरे काम दुसऱ्या ओळीतल्या चौथ्या खणात असे. बाई इकडेतिकडे पाहून तो ब्लॉक काढत आणि नणंदेच्या तळहातावर ठेवत. ब्लॉकवरचे चित्र उलटे असते, डावे उजवीकडे. म्हणून नणंद पर्समधला बोटभर आरसा काढी आणि जस्तातला तो चेहरा आरशात सुलटा करून पाही. "वहिनी, डावा डोळा बारीकच आलाय हो," असे दर वेळी म्हणे. दर वेळी बाईंनाही ते नव्याने पाहावे लागे.

अशाच एका दुपारी विभागाच्या साहेबांची पावले वाजली. आरसा पर्समध्ये गेला, ब्लॉक घाईघाईने पाकिटात गेला, आणि तो शेजारच्या पाकिटात गेला. शेजारचे पाकीट एका निवृत्त मुख्याध्यापकांचे होते. ब्लॉक कुणाच्या हाताने परत गेला हे बाईंनी पुढे कुणालाही सांगितले नाही, साहेबांनासुद्धा. कपाट त्यांचे, तेव्हा चूक त्यांची. मुख्याध्यापक त्याच आठवड्यातल्या शनिवारी वारले. रविवारच्या अंकात पान पाचवर त्यांच्या निधनाची बातमी आली, आणि बातमीवर, काळ्या चौकटीत, डावा डोळा बारीक करून तो पोहणारा हसत होता.

त्या सकाळी तो नेहमीप्रमाणे पोहायला गेला होता. ओल्या केसांनी घरी आला तर दारात चपलांचा ढीग आणि आत रडारड. तो स्वतः पोट धरून हसला म्हणतात. त्याची आई हसली नाही. ती म्हणाली, "पेपरानं मारलाय, पेपरानंच जिवंत करू दे. छापून आलं की मीही हसेन."

बाईंनी सोमवारी स्वतः खुलासा लिहिला. अकरा ओळी. चूक केली तर ती पदर पसरून नव्हे, मान ताठ ठेवून दुरुस्त करायची, ही त्यांची रीत. पान तीन, सातवा कॉलम, हवामानाच्या अंदाजाखाली. सायंकाळी सात वाजता त्यांनी यंत्रावरून निघालेला ओला अंक हातात घेतला, अकरा ओळी आपल्या डोळ्यांनी वाचल्या, बोटांची शाई पुसली आणि घरी येऊन नणंदेला सांगितले, "उद्या येतंय. निवांत झोपा."

मंगळवारी बाईंची साप्ताहिक सुटी असे. सकाळी नणंद अंक घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली.

"वहिनी, यात नाही."

बाईंनी मागे वळून पाहिले नाही. "आहे. मी छापलेला पाहिलाय."

"दोनदा पाहिलं मी. हवामानाखाली पाणी बंद असल्याचं आलंय. खुलासा नाही."

घरात सासूबाई होत्या, सासरे होते, पाहुणे म्हणून आलेली मामेसासू होती. या सगळ्यांसमोर आपल्या पेपराबद्दल, आपल्या डोळ्यांबद्दल कुणी शंका घ्यावी हे बाईंना सोसले नाही. त्या म्हणाल्या, "पेपर वाचायलाही शिकावं लागतं, वन्सं."

नणंदेने अंकाची घडी केली. मग म्हणाली, "पाणी बंद आहे हे वाचता आलं मला. न्हाणीघरातल्या बादल्या कुणी भरल्यात, बघून घ्या." आणि अंक ओट्यावर ठेवून गेली. तो अंक बाईंनी उचलला नाही. संध्याकाळी निरोप आला की ज्या घराला आमच्या मुलाचा जीव दोन ओळींचाही वाटत नाही, त्या घराशी आमचे जमणार नाही.

नणंदेने पुन्हा लग्नाचा विषय काढू दिला नाही. शाळेत भूगोल शिकवला, आईबापांना शेवटपर्यंत पाहिले, आणि मग तीन गल्ल्या पलीकडे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन राहिली. भांडण कधीच झाले नाही, म्हणून ते मिटलेही नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती जेवायला येई. तब्येतीची चौकशी होई, हवेची होई. वन्सं, वाढू का? नको वहिनी, पुरे. बस्स.

गेल्या महिन्यातल्या त्या रविवारी जेवताना बाईंच्या मुलाने विषय काढला होता. "आत्या, तीन मजले चढणं आता होत नाही तुला. मागची खोली रिकामीच आहे. ये की राहायला."

आत्याने चमचा खाली ठेवला. "ज्या घरात मला वाचता येत नाही, त्या घरात म्हातारपणी सकाळचा पेपर कुठल्या तोंडानं मागू, बाळा?" मग शांतपणे सांगितले की परगावी वृद्धांसाठी एक चांगली जागा आहे, तिथे नाव नोंदवले आहे, पुढच्या महिनाअखेरीस जायचे ठरले आहे. निघताना चपला घालता घालता ती बाईंना म्हणाली, "तुमच्या पेपरानं म्हणे सगळे जुने अंक कॉम्प्युटरवर उघडे केलेत. बघा की, वहिनी. दुधाचं दूध, पाण्याचं पाणी होऊन जाऊ दे."

म्हणून बाई आज त्या चौकटीपुढे बसल्या होत्या. उद्या रविवार होता. उद्या जेवणाच्या टेबलावर त्या अकरा ओळी ठेवायच्या, वन्संचा हट्ट मोडायचा, आणि मागच्या खोलीत त्यांची पेटी आणून टाकायची, असा बाईंचा बेत होता. वन्सं परगावी गेल्या तर परत भेट नाही, हे सांगायला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती.

"नुसतं 'खुलासा' टाकून बघा," सून म्हणाली.

बाईंनी टाकले. सहा हजार दोनशे चौदा नोंदी आल्या. पहिलीच कुठल्या साबणाच्या जाहिरातीतली होती.

"आता वेड पांघरतंय," बाई म्हणाल्या.

सून उठून शेजारी येऊन बसली. ती एका दवाखान्यात एक्स-रे काढण्याचे काम करी. धुरकट चित्रात नेमके काय मोडले आहे ते पाहण्यात तिचे अर्धे आयुष्य गेले होते. "छपाईचे जुने खिळे झिजलेले असतात ना, आई? अक्षर तुटकं छापलं की यंत्राला ते अक्षर वाटतच नाही. शब्दानं शोधू नका. तुम्ही कचेरीत कशा शोधायचात?"

बाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिले. ही पोरगी पंचवीस वर्षे या घरात होती आणि हा प्रश्न तिने पहिल्यांदाच विचारला होता.

"वारानं," त्या म्हणाल्या. "आधी वार, मग पान, मग कॉलम. शब्द सगळ्यात शेवटी."

'तारखेनुसार पाहा' असे एक बटण होतेच. त्यावर टिचकी मारताच वर्षे उघडली, वर्षांतून महिने, महिन्यातून तारखांची चौकट. बाईंनी तो रविवार उघडला, आणि कचेरीच समोर आली. पानाची पिवळी पडलेली कड, बांधणीच्या दोऱ्याजवळचा काळोख, कोपऱ्यात संदर्भ विभागाचा वाटोळा शिक्का. आणि समासात निळ्या पेन्सिलीच्या फुल्या. कात्रणासाठी कोणती बातमी घ्यायची हे दाखवणाऱ्या, एक रेघ आखूड आणि एक लांब अशा, त्यांच्या स्वतःच्या हाताच्या फुल्या.

"ह्या माझ्या," बाई म्हणाल्या. त्यांनी पडद्यावर बोट ठेवले. त्यांना कचेरीतल्या, कात्रणे चिकटवायच्या खळीचा वास आला. उन्हाळ्यात खिडकीला लावलेला ओला पडदा, कात्रीची जोडी साखळीने टेबलाला बांधलेली, कारण कात्री चोरणे हा संपादकांचा जन्मसिद्ध हक्क होता. चार वाजता जिन्यावरून येणारी पावले, डब्याची कडी वाजायची, आणि मग, "वहिनी, आहे का कुणी?" म्हणजे साहेब आहेत का.

पान पाच उघडले. काळी चौकट. बाईंनी चित्र मोठे केले. चेहऱ्याचे ठिपके झाले. लहान केले, ठिपक्यांचा पुन्हा चेहरा झाला.

"हेच का ते?" सून हळू म्हणाली. "छान दिसायचे."

"डावा डोळा बघ," बाई म्हणाल्या आणि लगेच मंगळवार उघडला.

पान तीन. सातवा कॉलम. हवामान: आकाश निरभ्र. त्याखाली बारीक ठळक मथळा, 'आज पाणीपुरवठा बंद'. मुख्य जलवाहिनी काल रात्री फुटल्यामुळे सायंकाळपर्यंत पाणी येणार नाही, नागरिकांनी साठा करून ठेवावा. त्याखाली रेघ, आणि रेघेखाली नाटकाची जाहिरात.

बाईंनी पान चार पाहिले, दोन पाहिले, पहिले पाहिले, सगळी आठ पाने पाहिली. परत तीनवर आल्या. या अंकाच्या समासातल्या फुल्या लाल होत्या. सुटीच्या दिवशी त्यांच्या जागी बसणाऱ्या सहकाऱ्याच्या. बाईंनी ओळी मोजल्या. मथळा धरून पाण्याच्या बातमीच्या अकरा ओळी होत्या.

"आई, पाणी देऊ का?" सुनेने विचारले, आणि तिचे तिलाच वाटले की हा शब्द आत्ता नको होता.

बाईंनी मानेनेच नको म्हटले. त्यांनी पान एक पुन्हा उघडले, अगदी वर गेल्या, आणि वर्तमानपत्राच्या नावाच्या उजव्या कानाशी थांबल्या. तिथे, तिळाएवढ्या, दोन चांदण्या छापलेल्या होत्या.

"दोन," त्या म्हणाल्या.

"दोन काय?"

मग बाईंनी सुनेला समजावले, आणि समजावता समजावता स्वतःला. एका तारखेचे अंक दोनदा निघत. परगावी जाणारा अंक संध्याकाळी छापून रात्रीच्या गाडीत चढे; ती डाक आवृत्ती, एका चांदणीची. मग रात्रपाळी बसे, उशिराच्या बातम्या घेई, कमी महत्त्वाचे मजकूर उपटून त्या जागी नवे बसवी, आणि शहरासाठी दोन चांदण्यांचा अंक काढी. बायकांना तेव्हा रात्रपाळी नव्हती. बाईंनी सात वाजता हातात घेतलेला ओला अंक एका चांदणीचा होता. रात्री जलवाहिनी फुटली, कुणीतरी अकरा ओळींची जागा शोधली, आणि एक खुलासा काढला. दुसऱ्या दिवशी तो घ्यायलाही कुणी ठेवला नाही, कारण संध्याकाळच्या अंकात छापून झाल्याची खूण त्यावर होती.

"म्हणजे तुम्ही पाहिला होतात," सून म्हणाली. "आणि आत्यांना दिसला नाही, तेही खरं."

"डाक आवृत्ती ह्या पेटाऱ्यात असेल तर बघ."

सून सरावाने पडद्याच्या कडेकडेने फिरली. तारखेशेजारी 'आवृत्ती' असे लिहिलेला एक लहानसा बाण होता. त्यावर टिचकी मारल्यावर एक नवी ओळ उलगडली. परगावच्या एका वाचनालयाने आपल्या फाइली दिल्या होत्या. तोच मंगळवार, वेगळा शिक्का, पानाला वाळवीची दोन भोके. नावाच्या कानाशी एक चांदणी. पान तीन, सातवा कॉलम, हवामानाखाली: 'रविवारच्या अंकात पान पाचवर अनवधानाने प्रसिद्ध झालेले छायाचित्र...' बाईंना पुढचे वाचावे लागले नाही. ते त्यांना पाठ होते.

सुनेने टाळी वाजवली. "सापडलं की. आई, तुमचंच खरं होतं. हे छापून उद्या आत्यांपुढे ठेवू."

बाईंनी होकार दिला असता. क्षणभर तो ओठांवरही आला. दोन चांदण्यांचे पान कुणी मागितले नव्हते. एका चांदणीचे पान, तारीख तीच, नाव तेच. वन्संना चांदण्यांचा हिशेब कुठून माहीत असणार? एकोणपन्नास वर्षांचा वाद एका कागदाने संपला असता आणि त्यात एक अक्षर खोटे नव्हते.

"हे दाखवलं तर त्या येतील राहायला?" बाईंनी विचारले.

सून घडी घातलेला टॉवेल उगाच पुन्हा उलगडू लागली. "स्पष्ट बोलू?"

"आजवर कधी अस्पष्ट बोललीस?"

"हे दाखवलंत तर त्या म्हणतील, बरं बाई, माझंच चुकलं. जेवतील. आणि महिनाअखेर जातील." तिने टॉवेल खाली ठेवला. "एक विचारू? त्या फाइली तर तुमच्याच खोलीत होत्या ना सगळी वर्षं?"

"माझ्या खुर्चीपासून दहा पावलांवर."

सुनेने पुढचा प्रश्न विचारला नाही. तो विचारला नाही म्हणूनच रात्रभर बाईंच्या उशाशी बसून राहिला.

रविवारी सकाळी नऊ वाजता बाई तीन गल्ल्या चालून गेल्या आणि तीन मजले चढल्या. इतक्या वर्षांत त्या न बोलावता या जिन्यावर आल्या नव्हत्या. दुसऱ्या मजल्यावर त्यांना बसावे लागले. वन्सं रोज हे चढतात, हे त्यांना माहीत होते. गुडघ्यांना आज कळले.

नणंदेने दार उघडले. भिंतीवरचे नकाशे उतरवून गुंडाळ्या केलेल्या होत्या. पुस्तकांची खोकी दोरीने बांधलेली होती.

"वहिनी? जेवायला मी येणार होते ना तिकडे? की आज स्वयंपाक नाही?"

"स्वयंपाक आहे. आधी बसू तरी द्या."

पाणी आले. बाईंनी पिशवीतून एक कागद काढला आणि दोघींच्या मधल्या स्टुलावर ठेवला. नणंदेने चष्मा लावला. तिची नजर थेट सातव्या कॉलमवर गेली. शोधावे लागले नाही. बराच वेळ ती वाचत राहिली, जणू अकरा ओळींत अकरा पाने होती.

"पाणी बंद," ती म्हणाली.

"पाणी बंद," बाई म्हणाल्या. "तुम्हाला वाचता येत होतं, वन्सं. मला येत नव्हतं."

नणंदेने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "दुसरा कागद कसला?"

"कुठला?"

"पिशवीत आहे तो. पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलाय मी. बाकाखाली काय लपवलंय ते मला दिसतं."

बाईंनी एका चांदणीचे पानही काढले आणि सगळे सांगितले. गाडी, रात्रपाळी, फुटलेली जलवाहिनी. सांगताना त्यांनी एकाही वाक्यात 'म्हणजे माझंही खरं होतं' असे म्हटले नाही, आणि हे त्यांना किती जड गेले ते त्यांच्या बसण्यावरून कळत होते. नणंद दोन्ही पाने शेजारी शेजारी ठेवून पाहत होती. मग तिचे खांदे हलू लागले. बाईंना वाटले ती रडते आहे. ती हसत होती.

"म्हणजे परगावच्या झाडून सगळ्या लोकांना कळलं की तो जिवंत आहे," ती म्हणाली. "फक्त त्याच्या आईला सोडून."

बाईंनाही हसू आवरले नाही. दोघी म्हाताऱ्या खोक्यांच्या मधोमध बसून, तोंडाला पदर लावून, चार वाजता साहेब ऐकतील म्हणून हसत तशा हसल्या. हसणे ओसरल्यावर नणंदेने विचारले, "वहिनी, त्या फाइली तुमच्याच ताब्यात होत्या ना?"

"होत्या."

"काखेत कळसा नि गावाला वळसा. कधी उघडून पाहिलं नाहीत?"

"नाही."

"का?"

बाईंनी उत्तर जिन्यातच तयार ठेवले होते. "पाहायला उठले असते तर मला शंका आहे असं झालं असतं. ती नव्हती असंही नाही."

नणंदेने मान हलवली. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. मग ती एकदम म्हणाली, "ब्लॉक तर त्या दिवशी मीच..."

"पुरे," बाई म्हणाल्या, आणि हा आवाज पुन्हा मोठ्या बाईंचा होता. "कपाट माझं होतं. खुलाशात कुणाचं नाव घालायचं नसतं."

नणंदेने पाण्याचा रिकामा पेला उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला. "चार वर्षांपूर्वी गेला तो," ती म्हणाली. "खरी बातमी आली तेव्हा फोटो छापला नव्हता. मी पाहिलं होतं सगळं पान."

"ते मला माहीत नव्हतं."

"निधनाच्या बातम्या तुम्ही कुठे वाचता?" तिने चष्मा सारखा केला. "तुमच्या त्या यंत्रात तो शर्यतीचा फोटो असेल का हो? जिंकला तेव्हाचा. आपण आरशात बघायचो तो."

"असेल तर. पण यंत्र माझ्या घरी आहे. यावं लागेल."

"जेवायला येतेच आहे," नणंद म्हणाली, आणि काठी शोधू लागली.

जिना उतरताना बाईंनी पुढे राहून प्रत्येक पायरी सांगितली आणि नणंदेने प्रत्येक पायरीला, "मला माहीत आहे, वहिनी, माझा जिना आहे," असे सांगितले. घरी सुनेने ताटे मांडली होती. ती तशीच राहिली. नणंद मागच्या खोलीच्या दारावरून जाताना थांबली, दार बोटांनी ढकलले, आत पाहिले. खिडकी, पलंग, रिकामे फडताळ.

"ऊन कधी येतं इथे?"

"सकाळी," सून म्हणाली. "पेपर येतो तेव्हा."

नणंदेने काठी त्या दाराशीच टेकवून ठेवली आणि भिंतीला हात लावत पुढे आली. बाई पांढऱ्या चौकटीपुढे बसल्या होत्या. नणंदेने शेजारी खुर्ची ओढली.

"त्याचं नाव लिहा ना यात."

"नावानं सापडत नाही. ह्याला वाचता..." बाई थांबल्या. "जुने खिळे झिजलेले असतात. तारखेनं शोधावं लागतं. क्रीडा पान सातवं असायचं, एवढं मला आठवतं. साल तेच. महिना थंडीचा होता की उन्हाळ्याचा? नाहीतर एकेक अंक बघत बसू, घाई काय आहे?"

नणंदेने साल सांगितले, महिना सांगितला, तारीख सांगितली आणि वार सांगितला. मुळीच आठवावे लागले नाही. बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिले आणि मग त्या चौकटीत, एकेक आकडा करून, तारीख लिहू लागल्या.